लिमये साहेबांच्या चौदा काठ्या

गोल्फच्या मैदानाला लागून घर असलं की बॉल गोळा होतात. कोणी मारला, कुठून आला, काही कळत नाही. सकाळी अंगण झाडायला घ्यावं तर खुराड्यात एक पांढरा बॉल, आणि आमची कोंबडी त्याच्यावर मांडी घालून बसलेली! किश्श्यांचंही तसंच. मी काही टोपली घेऊन वेचायला गेले नव्हते. मैदानात नवव्या होलच्या पुढं, कडुनिंबाखाली माझी चहाची टपरी होती. तिथं बसल्या बसल्या ते आपोआप येऊन पडले.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. एक बॉल. तो काठीनं मारत मारत लांबच्या झेंड्यापाशी न्यायचा आणि तिथल्या खळग्यात घालायचा. त्या खळग्याला होल म्हणतात. अशी अठरा होल. ज्याचे फटके कमी, तो भारी. चांगला माणूस ऐंशी-पंच्याऐंशीत उरकतो. आमचे लिमये साहेब एकशे दहाच्या खाली यायचे नाहीत.

मी शाळेची पायरी चढले नाही. शंभराच्या पुढं मोजायला मला लिमये साहेबांनी शिकवलं!

साहेब पेठेतले. खडकवासल्याच्या कालव्यावर इंजिनिअर होते. रिटायर झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाला. नुसतं चालणं साहेबांना पटेना. "चालून पोचायचं कुठं, ते तर सांगा," असं ते डॉक्टरांनाच म्हणाले म्हणे. मग गोल्फ धरलं. आमचे मालक त्यांचे कॅडी, म्हणजे काठ्यांची बॅग खांद्यावर टाकून बरोबर चालणारे. त्यामुळं अर्धा किस्सा मला टपरीवर कळायचा आणि उरलेला अर्धा घरी, जेवताना.

साहेबांची इच्छा एकच होती. "एकदा शंभरच्या आत यायचंय, मावशी. फक्त एकदा. नव्व्याण्णव चालतील. अठ्ठ्याण्णवची हाव नाही." माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा माणूस, पण मैदानावर सगळ्यांची मी मावशी!

* * *

साहेबांनी काठ्या घेतल्या त्या कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या पारशाकडून, वापरलेल्या. चौदा काठ्या, एक चामड्याची बॅग. ती बॅग ते स्कूटरवर पुढं, दोन पायांच्या मध्ये उभी करायचे. काठ्यांची लोखंडी डोकी हँडलच्या वर. साहेब मागून डोकावून गाडी चालवायचे. समोरून बघणाऱ्याला वाटायचं, काठ्याच स्कूटर चालवत येताहेत.

एकदा बंडगार्डनच्या पुलाअलीकडं हवालदारानं शिट्टी मारली.

"काका, हे काय? कुठं मोर्चा हाय का?"

"गोल्फ आहे," साहेब म्हणाले. "खेळ."

"मग एवढ्या काठ्या? किती माणसं खेळताय?"

"मी एकटा. एक बॉल, चौदा काठ्या. प्रत्येक काठीचं काम वेगळं असतं."

हवालदारानं आपल्या हातातली काठी वर केली, मागची सगळी गर्दी थांबवली, साहेबांना वाट करून दिली आणि म्हणाला, "जावा. आमी एकाच काठीत अख्खा चौक सांभाळतो!"

* * *

चौदा काठ्या होत्या खऱ्या, पण साहेब वापरायचे चारच. एक लाकडी डोक्याची, लांब मारायला. दोन लोखंडी, मधल्या अंतराच्या. आणि एक बुटकी, झेंड्यापाशी गेल्यावर बॉल हळूच ढकलायला. बाकीच्या दहा नुसत्या फिरायला यायच्या.

आमचे मालक म्हणायचे, "साहेब, या दहा घरी ठेवा की. खांदा जातोय माझा."

"सेट आहे तो. सेट फोडायचा नसतो."

असं दोन वर्षं चाललं. एके सकाळी मालकांनी दहा काठ्या बॅगेतून काढल्या, माझ्या टपरीत ठेवल्या आणि चार काठ्यांची बॅग उचलून शीळ घालत निघाले. माझ्या टपरीवरची ताडपत्री वाऱ्यानं सारखी उडायची. मी म्हटलं, आयत्या आल्यात. चार काठ्या चार कोपऱ्यांना रोवल्या, दोन ताडपत्रीवर आडव्या टाकल्या, एकीवर फडकी वाळत घातली. उरलेल्या तिघी कोपऱ्यात उभ्या.

नऊ होल झाल्यावर साहेब चहाला आले. बाकड्यावर बसले. वर बघितलं, बाजूला बघितलं. आमचे मालक कडुनिंबाच्या मागं गेले. मी स्टोव्हला पंप मारायला घेतला.

साहेब उठले, एका काठीवरून हात फिरवला, आणि इतक्या कौतुकानं म्हणाले, "अरे वा, मावशी! तुम्हीही सेट घेतलात? अगदी माझ्यासारखाच आहे!"

* * *

या खेळात हातमोजा एकच घालतात, डाव्या हातात. साहेबांना हे माहीत नव्हतं. टिळक रोडवरच्या एका दुकानात त्यांनी हातमोजा मागितला. दुकानदारानं एक काढून दिला.

"याचा जोडीदार?"

"नसतो."

"मग उजव्या हाताचं काय?"

दुकानदारानं वर न बघता सांगितलं, "तो मोकळाच लागतो. पैसे द्यायला."

साहेबांना हे लागलं. घरी जाऊन त्यांनी बाईंना सांगितलं. लिमये बाई विणकामात एक नंबर. त्यांनी दोन दिवसांत उजव्या हाताचा लोकरीचा मोजा विणून दिला. तपकिरी, मनगटाला पिवळी पट्टी.

थंडीचे दिवस, गवतावर दव. साहेबांनी लोकरीच्या हातानं लाकडी काठी धरली, जोरात फिरवली, आणि काठी हातातून निसटून भिरभिरत ओढ्यात गेली! बॉल मात्र सरळ. मैदानाच्या मधोमध. इतका सरळ फटका साहेबांनी आयुष्यात मारला नव्हता. आमचे मालक गुडघाभर पाण्यात काठी शोधत होते आणि साहेब काठावर उभे राहून बॉलकडं बघत होते.

घरी त्यांनी बाईंना निम्मंच सांगितलं. "तुझ्या मोज्यामुळं आज काय फटका लागला!" बाई खूश. पुढच्या आठवड्यात त्यांनी तस्साच एक मोजा साहेबांबरोबर खेळणाऱ्या शेठना विणून पाठवला.

शेठनी तो दोन बोटांत धरून उलटापालटा केला. "वहिनींना सांगा, आभारी आहे. पण मला माझ्या काठ्या अजून लागतात!"

* * *

हे शेठ म्हणजे मार्केट यार्डातले कांदा-बटाट्याचे व्यापारी. साहेबांच्या अगदी उलट. साहेबांच्या काठ्या जुन्या, तर शेठ दर दिवाळीला नवी काठी घेणार. एका वर्षी आणली तिचं डोकं नारळाएवढं. साहेब म्हणाले, "शेठ, ही मारायची आहे की हिच्यात भात लावायचा?"

शेठची एक सवय भारी होती. आपले फटके किती झाले, हे ते तोंडानं सांगायचे नाहीत. बाजारात जुने व्यापारी भाव करताना रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबतात, तिसऱ्याला कळू नये म्हणून. शेठ होल संपलं की खांद्यावरचा रुमाल हातावर टाकायचे, साहेबांचा हात त्याच्याखाली ओढायचे आणि बोटं दाबायचे. साहेब ते लिहून घ्यायचे.

"अहो, इथं कोण आहे ऐकायला? कावळे?"

"सवय आहे, लिमये. भाव बोलला की पडतो."

एका होलवर शेठ वाळूत अडकले. या खेळात मुद्दाम वाळूचे खड्डे करून ठेवतात, माणसाची जिरवायला. शेठ आत, वाळू बाहेर, बॉल आतच. शेवटी एकदाचं ते होल संपलं. रुमाल पडला. साहेबांचा हात खाली गेला. रुमाल बराच वेळ हलत राहिला.

मग साहेबांनी हात बाहेर काढला आणि म्हणाले, "शेठ, दुसरा माणूस बोलवा. माझी बोटं संपली."

* * *

सहाव्या होलवर मध्येच तळं आहे. बॉल त्याच्यावरून पलीकडं मारायचा. तिथं आलं की साहेब नवा बॉल खिशात घालायचे आणि खास पाण्यासाठी आणलेला जुना, चिरलेला बॉल काढायचे. मारायचे. बुडायचा. नियमानं एक फटका वाढायचा. "बघा, नवा असता तर गेला असता," असं म्हणून साहेब समाधानानं पुढं निघायचे.

शेठ म्हणायचे, "लिमये, जन्मभर तुम्ही पाणी अडवलंत. आता ते तुम्हाला अडवतंय!"

एक दिवस आमच्या मालकांनी हट्टच धरला. "साहेब, जुना बॉल काढलात की तुमचे हातच बुडवायच्या तयारीला लागत्यात. शंभरच्या आत यायचंय ना? मग आज नवा मारा."

साहेबांनी बराच विचार केला. नवा बॉल ठेवला. डोळे मिटून मारला. आणि गेला की हो! तळं ओलांडून, पलीकडच्या हिरवळीवर, झेंड्यापासून चार पावलांवर!

शेठनी टाळ्या वाजवल्या. साहेब वळसा घालून तिकडं गेले, बॉल उचलला, शर्टाला पुसला आणि खिशात घातला.

"अहो साहेब!" मालक ओरडले. "उचलला का? अजून होलमध्ये घालायचाय की! सगळं वाया गेलं!"

"जाऊ दे," साहेब म्हणाले. "एवढं केलं त्यानं माझ्यासाठी. आता त्याला परत मारू? जिवावर येतं रे."

त्या दिवशी एकशे सतरा झाले.

* * *

साहेबांकडं एक वही होती, कालव्याच्या मापाची असायची तसली, जाड पुठ्ठ्याची. तिच्यात ते प्रत्येक वाया गेलेल्या फटक्याचं कारण लिहायचे. इंजिनिअर माणूस. म्हणायचे, "चूक कुठं होते ते सापडलं की शंभरच्या आत येणं म्हणजे नुसतं गणित आहे."

एका पावसाळी सकाळी खेळ बंद होता. सगळे टपरीत अडकले. शेठ म्हणाले, "वाचा तरी तुमची वही."

साहेब वाचायला लागले. "दुसरं होल, तिसरा फटका. वारा. चौथं होल, पाचवा फटका. कावळा ओरडला. सहावं होल, तळं. सातवं होल, दुसरा फटका. गवत ओलं. तिसरा फटका, गवत कोरडं. नववं होल, चौथा फटका. मावशींच्या आल्याचा वास आला."

"घ्या!" मी म्हटलं. "माझाही नंबर लागला!"

साहेब वाचतच होते. विमान गेलं. शेठ खोकले. शेठ खोकले नाहीत, पण खोकतील असं वाटलं. अर्धा तास झाला, चहाचं दुसरं आधण झालं, वही संपली.

शेठनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सगळे आले, लिमये. वारा आला, कावळा आला, मी तर अकरा वेळा आलो. एक नाव राहिलं."

"कोणाचं?"

"खेळत कोण होतं?"

* * *

लिमये बाई पहिल्यांदा मैदानावर आल्या तो दिवस मी विसरणार नाही. रोज घरी ऐकायच्या, 'आज थोडक्यात गेलं.' नऊ वर्षं थोडक्यात जातंय म्हणजे काय ते बघायला आल्या. नेसल्या होत्या नारायणपेठी, हातात छत्री. माझ्या बाकड्यावर बसल्या. चहा घेतला. "साखर बेतानं घालता हो, छान," म्हणाल्या. तेवढ्यावर आमची दोस्ती झाली.

लांबून साहेब दिसत होते. एक फटका, मग चालणं. दुसरा फटका, मग झुडपात शोधणं.

"अहो मावशी, यात किती झाले म्हणजे चांगलं?"

"जितके कमी तितकं चांगलं, बाई."

"आणि यांचे किती होतात?"

"एकशे दहा. कधी बारा."

बाईंनी छत्री मिटली. 

"मग घरी बसले असते तर पहिले आले असते की!"

* * *

आता शेवटचा सांगते.

साहेबांचा डावा गुडघा गेला. पायऱ्या उतरताना आमच्या मालकांचा खांदा धरायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करायचं आणि त्यानंतर गोल्फ बंद. मैदानाचे चढउतार त्या पायाला चालायचे नाहीत. दिवस ठरला. त्याच्या आदला रविवार हा साहेबांचा शेवटचा खेळ. शंभरच्या आत यायचं तर आज, नाहीतर राहिलं ते राहिलं.

सकाळी सकाळी लिमये बाई रिक्षातून उतरल्या त्या थेट माझ्या टपरीवर. "मावशी, हे गडबडीत चष्मा विसरून आलेत. यांना बॉल तरी दिसतोय का?"

तेवढ्यात नऊ होल संपवून मंडळी आली. साहेब शेठशी बोलत मागं राहिले होते. आमचे मालक पुढं धावत आले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "एकोणपन्नास. बोलू नकोस कुणाला."

एकोणपन्नास! अर्ध्या खेळात! मालकांनी बाईंच्या हातात चष्मा बघितला आणि हातच जोडले. "बाई, पाया पडतो. तो पिशवीत ठेवा. बिनचष्म्याचं चाललंय ते चालू द्या!"

मी त्या दिवशी टपरीवर पातेलं पालथं घातलं आणि मागून चालायला लागले. तीस वर्षांत पहिल्यांदा. बाई माझ्याबरोबर. साहेब बॉल कुठं आहे ते मालकांना विचारायचे, मालक बोट दाखवायचे, साहेब मारायचे. ना वारा, ना कावळा. शेठना खोकला आला तर त्यांनी तोंडात रुमाल कोंबला.

सतरा होल झाली तेव्हा त्र्याण्णव होते. शेवटच्या होलला साहेब पाच फटक्यांत झेंड्यापाशी पोचले. अठ्ठ्याण्णव. बॉल खळग्याच्या जवळ थांबला. आता एकच. हळूच ढकलायचा. साहेब बुटकी काठी घ्यायला मालकांकडं वळले.

आणि शेठना राहवलं नाही! मित्रामित्रांत पद्धत असते, बॉल खळग्याला अगदी टेकलेला असला की 'दिला' म्हणायचं आणि उचलायचा, मारायची गरज नाही. शेठ धावले, "दिला! लिमये, दिला! नव्व्याण्णव!" म्हणून त्यांनी बॉल उचलला आणि साहेबांना मिठी मारली. उचलण्याआधी बॉलच्या जागी खुणेचं नाणं ठेवायचं असतं, पण शेठच्या आनंदापुढं कसलं नाणं!

साहेबांनी मिठी सोडवली. चेहरा उतरला होता.

"शेठ, दिलेला नको. इतकी वर्षं वाट पाहिली ती तुम्ही द्यावा म्हणून नाही. बॉल होता तिथं ठेवा."

शेठ बॉल घेऊन वाकले आणि तसेच राहिले. "कुठं होता?"

प्रत्येकाचं वेगळंच. शेठ म्हणाले, वीतभर लांब. त्यांचा कॅडी म्हणाला, हातभर. आमचे मालक म्हणाले, चार बोटं, पण ते साहेबांचे कॅडी, त्यांचं कोण धरणार? साहेबांना तर चष्म्याशिवाय खळगाच धड दिसत नव्हता. शेठ रडकुंडीला आले. "लिमये, मारून टाका मला, पण बोलू नका असं."

साहेबांनी इकडंतिकडं बघितलं आणि मला हाक मारली.

"मावशी, तुम्ही समोर उभ्या होता. तुम्ही साखर पण मोजून घालता. सांगा, बॉल कुठं होता?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी चपला काढल्या. त्या हिरवळीवर मी जन्मात पाय ठेवला नव्हता. गार, मऊ, गोधडीसारखी. शेठच्या हातातून बॉल घेतला. खळग्याकडं बघितलं, साहेबांच्या गुडघ्याकडं बघितलं, वाकले आणि बॉल ठेवला.

"बरोब्बर तिथंच होता!" लिमये बाई मागून म्हणाल्या. त्या मघापासून पाठमोऱ्या उभ्या राहून पिशवीत चष्मा शोधत होत्या.

साहेबांनी चष्मा घातला. बॉलकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग काठी धरली.

टक्.

खळग्यात बॉल पडल्याचा आवाज फार लहान असतो. शेठनी ठोकलेली आरोळी मात्र विश्रांतवाडीपर्यंत गेली असेल. आमचे मालक बॅग टाकून नाचले. शेवटचा खेळ म्हणून त्यांनी टपरीतल्या दहाही परत बॅगेत घातल्या होत्या; चौदाच्या चौदा काठ्या गवतावर पसरल्या. बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "झालं एकदाचं! आता घरी थोडक्यात जाणार नाही काही."

सगळे पुढं निघाले. साहेब मुद्दाम मागं राहिले, माझ्याशेजारी आले आणि हळूच म्हणाले, "मावशी, खरं सांगा. तिथंच होता?"

मी चपला घातल्या.

"साहेब," मी म्हटलं, "पुढं पायरी आहे. जपून उतरा."